एकच माती, दोन चाचण्या, दोन निकाल: फुगणं-आकसणं नक्की मोजायचं कसं?

मातकट

मंडळी, एक कोडं पडलंय. हलक्या, एकमजली बांधकामाच्या निमित्ताने एका जागेची माती तपासून घेतली. नमुना एकाच थरातला, एकाच पोत्यातला. फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे मोकळी माती पाण्यात किती फुगते त्याचा निर्देशांक, आला ४५ टक्के. पन्नासच्या आत असल्यामुळे नेहमीच्या तक्त्यात ही माती 'कमी फुगणारी' ठरते. त्याच मातीचा चिखल लांबट साच्यात भरून वाळवला, तर १४० मिमीची कांडी ११८ वर आली. लांबीत जवळपास १६ टक्के घट! हा आकडा काही कुठल्याच तक्त्यात 'कमी'च्या रकान्यात बसत नाही.

जी माती जास्त आकसते तीच जास्त फुगणार, असं साधं गणित असायला हवं ना? मग यातला कोणता निकाल खरा धरायचा? की तिसरी चाचणी करायची? चाचणी करून देणाऱ्यांनी 'दोन्ही बरोबर आहेत' एवढंच सांगून कागद हातात ठेवला.

---

तपकिरी

वाचनखूण साठवली. माझ्या डोक्यावरून जाणार हे नक्की, पण जाताना तरी बघीन.

---

सूक्ष्मकण

४५ हा आकडा एकटा पाहून काहीच सांगता येणार नाही. मूळ वाचनं आहेत का? या चाचणीत ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम दोन मोजपात्रांत घेतात. एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात केरोसीन. ढवळून हवा काढायची, निदान चोवीस तास ठेवायचं आणि तळाशी बसलेल्या मातीची उंची वाचायची. पाण्यातलं घनफळ वजा केरोसिनातलं, भागिले केरोसिनातलं. केरोसिनात माती फुगत नाही, म्हणून तो पाया धरतात.

ते दोन आकडे द्या, मग बोलू.

---

मातकट

@सूक्ष्मकण, कागदावर आहेत. केरोसीन १५.५ मिली, पाणी २२.५ मिली.

---

सूक्ष्मकण

वाटलंच होतं. गोम त्या १५.५ मध्ये आहे.

हिशोब करून पाहा. मातीच्या कणांचं विशिष्ट गुरुत्व २.७ धरलं, तर १० ग्रॅममध्ये घन भाग जेमतेम ३.७ मिली. म्हणजे केरोसिनात बसलेल्या मातीतही तीन चतुर्थांशाहून जास्त जागा द्रवाचीच आहे. कण एकमेकांना कसे टेकून बसले, यावर ती जागा ठरते. केओलिनाइटसारखं न फुगणारं चिकणखनिज केरोसिनात विस्कळीत गुच्छ करून बसतं आणि जास्त जागा अडवतं. पाण्यात तेच दाटून बसतं. निव्वळ केओलिनाइट घेतलं तर इंडेक्स चक्क ऋण येतो. उणे फुगवटा म्हणजे काय, हे अजून मला कुणी समजावून दिलेलं नाही.

तुमच्या मातीत दोन्ही प्रकारची खनिजं मिसळलेली असावीत. मॉन्टमोरिलोनाइट या फुगणाऱ्या खनिजाने पाण्यातलं घनफळ वाढवलं, पण केओलिनाइटने छेदातला आकडाही वाढवून ठेवला. भागाकार केला की फुगवटा झाकला जातो. ही अडचण ओळखूनच प्रकाश आणि श्रीधरन यांनी २००४ मध्ये वजाबाकी सोडून सरळ गुणोत्तर घ्यायचं सुचवलं: पाण्यातलं घनफळ भागिले केरोसिनातलं. ते एकपेक्षा कमी असेल तर माती फुगणारी नाही, एक ते दीड म्हणजे फुगणारी आणि न फुगणारी यांचं मिश्रण, दीड ते दोन मध्यम, दोनच्या वर जास्त, चारच्या वर अतिजास्त. तुमचं येतं १.४५. मिश्रण, तेही वरच्या कडेवर.

---

शंकासुर

छान. म्हणजे नवीन तक्त्यातही 'कमी'च. मातकटरावांचा प्रश्न जिथल्या तिथे. १६ टक्के आकसली कशी?

---

सूक्ष्मकण

@शंकासुर, तुम्ही नावाला जागता. जेवून येतो आणि लिहितो.

---

अभ्रकी

तोवर मी थोडं खनिजांबद्दल. मॉन्टमोरिलोनाइटचा एकेक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाडीचा. पापुद्रे पत्त्यांच्या जोडासारखे एकावर एक रचलेले, आणि मधल्या फटींत सोडियम, कॅल्शियम असे आयन. ते आयन पाणी ओढून घेतात आणि पत्ते एकमेकांपासून दूर सरकतात. पूर्ण कोरड्या अवस्थेत एका पत्त्याच्या तळापासून दुसऱ्याच्या तळापर्यंतचं अंतर सुमारे ९.६ अँगस्ट्रॉम (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर). पाण्याचे दोन थर शिरले की सुमारे १५. कॅल्शियमवाली माती साधारण १९-२० वर थांबते. सोडियमवाली भरपूर पाण्यात थांबतच नाही, पत्ते सुटेच होतात. म्हणून बेंटोनाइट, म्हणजे मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटची माती, विकत घेताना तो सोडियमचा की कॅल्शियमचा, हे आधी विचारतात.

केओलिनाइटचे पत्ते हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधलेले, त्यामुळे मध्ये पाणी शिरतच नाही. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचं सगळं पृष्ठफळ ७०० ते ८०० चौरस मीटर भरतं, केओलिनाइटचं दहा-वीस.

खात्री करायची तर एक्स-रे विवर्तन करा. नमुन्याला इथिलीन ग्लायकॉल पाजलं की स्मेक्टाइट गटाचं (मॉन्टमोरिलोनाइट याच गटातलं) शिखर १७ अँगस्ट्रॉमवर जातं. मग वादच नको.

---

तपकिरी

ग्लायकॉल पाजलं की कोण कुठल्या गटाचं ते कळतं. ही चाचणी माणसांवरही चालत असावी.

---

दगडूशेट

हहपुवा.

---

कोरडवाहू

इथे कुणीतरी शेतीच्या बाजूने बोलायला हवं. मूळ गोंधळ असा आहे की दोन्ही चाचण्यांत मातीची रचना मोडून टाकलीय. कुटली, चाळली, कालवली. जमिनीत माती अशी कुठे असते? तिथे ढेकळं असतात, मुळांची भोकं असतात, जुन्या भेगा असतात. थोडं आकसणं या पोकळ्यांतच जिरतं.

आमच्याकडे कोल काढतात, म्हणजे रेषीय विस्तारक्षमतेचा गुणांक. न मोडलेलं ढेकूळ घ्यायचं, त्यावर सरान नावाच्या रेझिनचा पातळ लेप द्यायचा. पाण्याची वाफ त्यातून जाते, द्रव पाणी आत येत नाही. ३३ किलोपास्कल ताणाला, म्हणजे ढोबळमानाने वाफशाच्या ओलीला, त्याची घनता काढायची. मग १०५ अंशांवर वाळवून पुन्हा घनता. कोरडी घनता भागिले ओली घनता, त्याचं घनमूळ, वजा एक. उदाहरणार्थ ओली १.३० आणि कोरडी १.६० आली, तर कोल ०.०७२. ०.०३ पर्यंत कमी, ०.०६ पर्यंत मध्यम, ०.०९ पर्यंत जास्त, त्यापुढे अतिजास्त.

सरान नसेल तर सोपा मार्ग: सुई नसलेल्या, टोक कापलेल्या सिरिंजमधून चिखलाच्या कांड्या काढा, वाळवा, लांबी मोजा. याला कांडीचा कोल म्हणतात. पण तो बहुतेक वेळा ढेकळाच्या कोलपेक्षा जास्तच येतो, कारण रचना मोडलेली असते. मातकट, तुमच्या १६ टक्क्यांतला बराचसा भाग इथे दडलाय.

---

चाकावरची

मी कुंभारकाम करते. आमच्याकडे हे रोजचंच. ओल्या मातीची फरशी थापायची, तिच्यावर १० सेंमीची रेघ ओढायची. वाळल्यावर रेघ मोजली की जितके मिमी कमी तितके टक्के घट, गुणाकार-भागाकार काही नाही. भाजल्यावर परत मोजायची.

दोन गोष्टी सांगते, कामाला येतील. एक, रेघ कडेला ओढू नका. कडा आधी वाळते आणि फरशी वाकते. वाकलेल्या कांडीची लांबी सरळ पट्टीने मोजली तर घट उगाच जास्त दिसते. मातकट, तुमची कांडी वाकली होती का? साच्याला आतून ग्रीस लावलं होतं का? नसेल तर ती चिकटून मध्येच तडकते. दोन, माती किती पाण्याने कालवली यावर सगळं अवलंबून आहे. तीच माती जास्त ओली कालवली की जास्त आकसते. आकसणं हा फक्त मातीचा गुण नाही, आत घातलेल्या पाण्याचाही आहे.

---

मातकट

@चाकावरची, ग्रीस होतं. कांडी किंचित धनुष्यासारखी झाली होती, पण वरची आणि खालची अशा दोन्ही लांब्या मोजून सरासरी घेतली. पाणी लिक्विड लिमिटइतकं, म्हणजे माती चिखलासारखी वाहू लागते त्या ओलीइतकं होतं, ६८ टक्के.

---

सूक्ष्मकण

आलो. चाकावरचीताईंनी माझं अर्धं काम करून ठेवलंय.

कांडी सुरू झाली ६८ टक्के पाण्यापासून. इतकी ओली माती जमिनीत सहसा नसतेच. या अवस्थेतून वाळताना जितकं पाणी जातं तितकंच घनफळ कमी होतं, हवा आत शिरत नाही. पुढे एका टप्प्यावर कण एकमेकांना टेकतात, तिथून पाणी जात राहतं पण घनफळ फारसं घटत नाही. हेन्स या संशोधकाने १९२३ मध्ये हे दोन टप्पे वेगळे दाखवले. तुमच्या १६ टक्क्यांपैकी मोठा वाटा त्या पहिल्या सरळ उतारावरचा आहे. चिखल पातळ होता म्हणून तो उतार लांबला.

आता 'आकसते ती फुगते' या गणिताकडे. आकुंचन कुठे थांबणार हे प्रामुख्याने कणांच्या आकारांच्या मिश्रणावर ठरतं. बारीक-जाड कण नीट मिसळलेले असतील तर माती दाट बसते आणि आकुंचन मर्यादा (जिच्या खाली वाळूनही माती आणखी आकसत नाही ती ओल) खाली जाते. त्यासाठी खनिज फुगणारंच हवं असं नाही. फुगणं मात्र मुख्यतः खनिजावर, आयनांवर आणि वरच्या ओझ्यावर अवलंबून. एका मोजमापावरून दुसरं काढायला गेलं की असं कोडं पडतं.

अवांतर: लिक्विड लिमिट, आकुंचन मर्यादा वगैरे संकल्पना रस्ते-पुलांच्या लोकांनी शोधलेल्या नाहीत. स्वीडनच्या आटरबर्ग या रसायनशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास शेतीच्या आणि भांड्यांच्या मातीसाठी त्या मांडल्या. टेर्झागी, कासाग्रांदे ही मृदा-अभियांत्रिकीतली मंडळी नंतर आली.

---

चाकावरची

म्हणजे पहिला मान आमचाच. नोंद घेतली आहे.

---

जुनाजाणता

आकुंचन मर्यादा काढायला आमच्या काळी पारा वापरत. वाळलेली वडी पाऱ्यात बुडवायची, तीन खिळ्यांच्या काचेने दाबायची आणि सांडलेला पारा मोजायचा. पारा मातीला भिजवत नाही, छिद्रांत शिरत नाही, म्हणून घनफळ अचूक मिळे. आता वितळलेल्या मेणाचा लेप देऊन वडी पाण्यात तोलतात. पाऱ्याची वाफ विषारी, त्यामुळे झालं ते बरंच झालं. पण मेणाखाली हवेचा बुडबुडा राहिला तर घनफळ जास्त भरतं, हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही.

---

शंकासुर

एवढं सगळं वाचून माझं मत: प्रयोगशाळेतलं काहीच खरं नाही. जमिनीत खुंट्या ठोका, वर्षभर पाहा. माती काय करते ते मातीच सांगेल.

---

कोरडवाहू

@शंकासुर, ठोका, पण कशाला टेकवून मोजणार? पृष्ठभाग हलतो तशी तुमची संदर्भाची खूणही हलली तर शून्य बदल दिसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. संदर्भखूण ओल बदलते त्या थराच्या खाली, शक्यतो खडकात हवी. तिच्या दांड्याभोवती सैल नळी हवी, नाहीतर वरची माती दांड्याला धरून उचलेल. मग वेगवेगळ्या खोलींवर तशाच नळीतल्या सळ्या बसवा. कोणता थर किती हलला ते वेगळं कळतं.

भेगांचं माप वेगळं घ्यावं लागतं. खोलीसाठी बारीक लवचिक तार सोडतात. घनफळासाठी कोरडी वाळू मोजून ओततात. दख्खन असो, सुदानचा जझीरा असो, ऑस्ट्रेलियातले डार्लिंग डाउन्स असोत की टेक्सासची ह्यूस्टन ब्लॅक, या जातीच्या मातीत भेगा मीटरभर खोल जाऊ शकतात.

आणि फक्त उंची मोजून भागत नाही. समजा एक मीटर जाडीच्या थराचं घनफळ १२ टक्के घटलं. आकुंचन सगळ्या दिशांना सारखं असेल तर जमीन खचेल फक्त ४२ मिमी. दर चौरस मीटरमागे १२० लिटर घट, त्यातली ४२ खचण्यात, उरलेली ७८ लिटर भेगांत. माती मऊ आणि खूप ओली असेल, भेगा पडतच नसतील, तर तीच घट १२० मिमी खचण्यात दिसेल. ब्रोन्सविक या संशोधकाने १९९० मध्ये यासाठी भूमितीचा घटक सुचवला: फक्त खचणं असेल तर १, सगळीकडे सारखं असेल तर ३. तो न काढता 'जमीन चारच सेंटिमीटर खचली' म्हणणं म्हणजे एक तृतीयांश गोष्ट सांगणं.

---

दगडूशेट

पायाखालची जमीन सरकते हे ऐकून होतो. ती फाटतेही, खचतेही आणि पावसात परत वर येते, हे आज कळलं. सगळे म्हणी-वाक्प्रचार नव्याने लिहावे लागणार.

---

शंकासुर

@कोरडवाहू, बरं. खुंट्यांचा मुद्दा तुमच्या अटींसह मान्य. तरी वर्षभर थांबायला वेळ कुणाकडे आहे?

---

अभ्रकी

आणि ते वर्ष नेमकं मोठ्या दुष्काळाचं किंवा अतिवृष्टीचं निघालं तर? एका वर्षाच्या नोंदीत त्या वर्षाचं हवामान मोजलं जातं, मातीची पूर्ण क्षमता नाही.

---

पायाभूत

उशिरा आलो. पायांचं काम करतो, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो.

मातकट, पायाला माती 'कमी' की 'जास्त' याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या असतात: किती मिलिमीटर हलणार आणि किती जोराने. जोरासाठी ओडोमीटरमध्ये (कडीतल्या मातीवर ओझं ठेवून तिची जाडी मोजायचं यंत्र) फुगण्याचा दाब काढा. नमुना कडीत बसवून पाणी द्यायचं आणि तो फुगू लागला की ओझं वाढवत जाऊन जाडी कायम ठेवायची. शेवटी लागलेलं ओझं म्हणजे दाब. हा आकडा हलक्या एकमजली बांधकामाच्या ओझ्यापेक्षा जास्त निघाला तर बांधकाम उचललं जाणार. जड इमारती त्याच मातीवर निवांत उभ्या असतात आणि कुंपणाच्या भिंती फाटतात, ते याच कारणाने.

मिलिमीटरसाठी मला ऑस्ट्रेलियाची श्रिंक-स्वेल चाचणी सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण ती न मोडलेल्या नमुन्यावर, जमिनीत होती त्याच ओलीपासून सुरू होते. भोक पाडून काढलेल्या अखंड नमुन्याचे, म्हणजे गाभ्याचे, दोन तुकडे करायचे. एक २५ किलोपास्कल ओझ्याखाली भिजवून किती फुगतो ते पाहायचं, दुसरा वाळवून किती आकसतो ते. फुगण्याचा टक्का निम्मा करायचा, कारण कडीत आडवं फुगायला वाव नसतो आणि सगळी वाढ वरच्या दिशेने दिसते. त्यात आकसण्याचा टक्का मिळवून १.८ ने भागायचं. फुगला २ टक्के, आकसला ५ टक्के, तर १ अधिक ५ भागिले १.८, म्हणजे ३.३ टक्के, ओलीच्या ताणाच्या एका पीएफ एककामागे (माती पाणी किती ताणाने धरून ठेवते ते मोजायची ही लॉगरिदमची मोजपट्टी). नमुना मुळात ओला असेल तर फुगणं कमी आणि आकसणं जास्त येतं, कोरडा असेल तर उलट. बेरीज साधारण तीच राहते. तुमच्या दोन कागदांतली विसंगती इथे उरतच नाही.

पुढे थरागणिक हा निर्देशांक, ओल किती खोलवर बदलते आणि किती बदलते, यावरून पृष्ठभाग किती मिमी हलेल ते काढतात. त्यांच्या एएस २८७० मानकात ७५ मिमीच्या वर गेलं की जागा 'ई' वर्गात, म्हणजे सगळ्यात वाईट.

मुख्य म्हणजे, अतिशय फुगणारी माती वर्षभर एकाच ओलीला राहिली तर जागची हलत नाही. आणि मध्यम माती, पण एका कोपऱ्यात गळका नळ आणि दुसऱ्या कोपऱ्यात मोठं झाड, तर भिंत तिरपी फाटलीच.

---

हौशी

चुना मिसळला की प्रश्न मिटतो असं ऐकलंय. मग इतकं मोजायचं कशाला?

---

सूक्ष्मकण

@हौशी, चुन्याचा कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि फुगणं उतरतं, हे खरं. पण मातीत सल्फेट असेल तर चुना, चिकणखनिजातलं अॅल्युमिनियम आणि पाणी मिळून एट्रिंजाइट नावाचं खनिज बनतं, आणि ते स्वतःच फुगतं. उपायच उलटतो. म्हणून चुन्याआधी सल्फेट मोजा. थोडक्यात, मोजण्यातून सुटका नाही.

---

मातकट

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्री स्वेल आणि कांडी, दोन्ही कागद आता फाइलच्या तळाशी. @पायाभूत यांनी सांगितल्याप्रमाणे न मोडलेला गाभा काढून श्रिंक-स्वेल आणि फुगण्याचा दाब, दोन्ही करून घेणार. जागेच्या उत्तर कडेला एक मोठं झाड आहे, म्हणून एक गाभा झाडाजवळचा आणि एक लांबचा घेईन म्हणतो. चालेल ना? एक मीटर खोलीचा पुरेल की आणखी खाली?

---

पायाभूत

दोन जागा, उत्तम. पण एका मीटरवर थांबू नका. झाडाजवळ मुळं पाणी बरंच खालून ओढतात, तिथे तीन मीटरपर्यंत तरी दर अर्ध्या मीटरला ओल मोजा. दोन भोकांचे ओलीचे आलेख एकमेकांवर ठेवा. जिथे ते एकत्र येतात, तिथपर्यंत झाडाचा हात पोचतो. आणि गाभा बाहेर काढल्या काढल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर मेण लावा. वाटेत वाळला तर भोक पाडल्याचा खर्च फुकट.

---

जुनाजाणता

मेण लावताना बुडबुड्याकडे लक्ष द्या.

---

तपकिरी

अपेक्षेप्रमाणे निम्मं डोक्यावरून गेलं, पण कुंपणाच्या भिंतीला तडा का जातो ते कळलं. आकडे आले की इथेच टाका हो मातकट, नवीन धागा नका काढू.